पाठीवरचा सांगाडा आणि कुंपणापलीकडची हाक

वडिलांच्या पुण्यतिथीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळं देऊळ खाली बसलं आणि मी एकटाच उभा राहिलो. यात भक्तीचा काही भाग नव्हता. मला बसताच येत नव्हतं.

त्याचं असं झालं. सकाळी केळीला पाणी लावता लावता उशीर झाला. हातपाय धुतले, वरून सैल शर्ट-पँट चढवली आणि निघालो. पण शर्टाच्या आत पाठीवर जो सांगाडा बांधलेला होता, तो सोडायला वेळ नव्हता. सांगाडा म्हणजे छातीवर एक पट्टा, कमरेला एक, दोन्ही मांड्यांवर एकेक फळी आणि पाठीवरून खाली येणाऱ्या स्प्रिंगच्या कांड्या. माणूस वाकला की कांड्या ताणल्या जातात आणि उठताना त्याला मागून वर ओढतात. पाठीचं बरंचसं काम त्या आपल्या अंगावर घेतात. बसायचं असेल तर कमरेवरचं एक बटण दाबून त्यांना आधी ढिलं करावं लागतं. हे बटण शर्टाच्या आत होतं, शर्ट पँटच्या आत होता, आणि देवळात कंबर उघडी करून काही शोधण्याची आमच्यात पद्धत नाही. म्हणून मी बटण न दाबताच बसलो. सांगाड्याला वाटलं, याला काहीतरी उचलायचंय. त्याने मला प्रेमाने परत उभं केलं.

पुन्हा बसलो. पुन्हा उभा. तेवढ्यात पहिल्या वाचनाची वेळ झाली. ज्या बाईंची वाचायची पाळी होती त्या आल्या नव्हत्या, आणि कोणीतरी पुढे येईल म्हणून फादर समोर बघत होते. त्यांना मी दिसलो. त्यांनी समाधानाने मान हलवून मला बोलावलं. आता भर देवळात “फादर, मी उभा नाहीये, मला बसता येत नाहीये” असं कोण सांगणार? गेलो. चष्मा राहिला होता वाडीत, मोटरच्या खोपटात. पानावर मुंग्यांची रांग चालल्यासारखी अक्षरं. अर्धं वाचन मी लहानपणापासून कानावर पडलेल्या आठवणीवर रेटलं, आणि जिथे आठवेना तिथे गंभीर होऊन खोकलो. शेवटी वेदीला वाकून वंदन केलं, तर स्प्रिंगने मला इतक्या तडफेने सरळ केलं की पहिल्या बाकावरच्या म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली.

बाहेर आलो तर शेजारी माझी वाटच बघत होता. आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडची वाडी त्याची. माझ्याहून वयाने मोठा, लांबच्या नात्याने चुलतभाऊ, म्हणून मी त्याला दादा म्हणतो.

“काय रे, खोगीर उतरवायला विसरलास वाटतं?”

“ते सोड. वाचन कसं झालं सांग.”

“झकास. फक्त तू शेवटी ज्या राजाला मारलंस ना, तो पुस्तकात जिवंत राहतो.”

आम्ही दोघं हसलो, देवळातून बाहेर येणारी माणसं थांबून बघू लागली एवढे हसलो. ते हसणं मला पुढे बरेच दिवस पुरवून पुरवून वापरावं लागलं.

गिरीज गावात आमच्या आळीत ओळीने वाड्या आहेत. आहेत म्हणजे झाडं आहेत. केळी, नारळ, मधेमधे भाजीचे वाफे, एका बाजूला बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं आमचं तळं. माणसं मात्र निघून गेली. कोणाची मुलं कॅनडात, कोणाची आखातात, कोणी जहाजावर. एका वाडीला भिंत घालून आत वाढदिवस साजरे करतात. शनिवार-रविवारी तिथून गाणी येतात आणि सोमवारी कागदी ताटल्या. बाकीच्या वाड्यांत नारळ उतरवणारा येतो, उतरवतो, कुलूप लावून जातो. रोज मातीत हात घालणारे आम्ही दोघंच राहिलो होतो, मी आणि दादा. माझी बायको नालासोपाऱ्याच्या शाळेत शिक्षिका. ती सकाळी निघते ती दुपार उलटून गेल्यावर येते. तोपर्यंत माझी बोलणी होतात ती मोटरशी आणि एका भारद्वाज पक्ष्याशी. मोटर निदान उत्तर तरी देते.

दादाच्या मुलाने विरारला नवा फ्लॅट घेतला आहे. तिथे दादासाठी आणि वहिनीसाठी खोली तयार होती. मुलगा दर रविवारी येऊन सांगायचा, बाबा, चला आता. दादाचं उत्तर ठरलेलं: “लोंगर उचलून रस्त्यापर्यंत नेता येतंय तोवर मी इथे. ज्या दिवशी नेता येणार नाही, त्या दिवशी तू म्हणशील तिथे.” लोंगर म्हणजे केळ्यांचा अख्खा घड. मुलगा बिचारा दर रविवारी बापाच्या कमरेकडे आशेने बघून परत जायचा. आणि मी माझ्या वाडीत उभा राहून मनात म्हणायचो, देवा, दादाची कंबर शाबूत ठेव. माझ्या प्रार्थनेत दादावरच्या प्रेमापेक्षा माझी भीती जास्त होती. तो गेला की आळीत मी एकटा.

आता लोंगर उचलण्याबद्दल सांगायला हवं. जमिनीवरचं ओझं कमरेपर्यंत माणूस कसंबसं एकट्याने आणतो. कमरेपासून डोक्यावर जायला दुसरा माणूस लागतो. म्हणून आमच्याकडे हाक मारायची रीत आहे. ओझं तयार झालं की कुंपणाकडे तोंड करून ओरडायचं, “हात लाव रेऽऽ!” पलीकडचा असेल ते काम टाकून येतो. चिखलाचे हात पुसत नाही. कुंपणात त्यासाठीच एक फट राखलेली असते, तिच्यातून आत शिरतो, ओझ्याच्या पलीकडच्या बाजूला वाकतो, दोघं मिळून “हं” म्हणायचं आणि डोक्यावरच्या चुंबळीवर ओझं. कोणी कोणाचे आभार मानत नाही. कोणी येत नाही असंही होत नाही. माझे वडील आणि दादाचे वडील हद्दीवरच्या एका नारळावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण हाकेला यायचे. फक्त त्या काळात हाक वेगळी असायची. नाव न घेता, आभाळाकडे बघून: “कोण आहे का रे तिकडे?” जणू तिकडे दुसरं कोणी असण्याचा संभव होता. मग दुसरा यायचा, उचलायचा, आणि तोंड फिरवून जायचा.

आमचं, म्हणजे माझं आणि दादाचं, भांडण कधी नव्हतं. आम्ही ओझं उचलल्यावर बोलायचो. ही जरा विचित्र गोष्ट आहे, पण खरी आहे. दोन वाडीवाले पुरुष सकाळी झाडाखाली बसून गप्पा मारताना दिसले तर लोक म्हणतील, यांना कामं नाहीत. डोक्यावर लोंगर असलं की कोणी काही म्हणू शकत नाही. माणूस कामातच असतो, वाटेत दोन शब्द बोलतोय इतकंच. त्यामुळे मी डोक्यावर ओझं घेऊन उभा आणि दादा कमरेवर हात ठेवून समोर, अशा अवस्थेत आम्ही मुलांची लग्नं, विहिरीचं खारट होत चाललेलं पाणी, नवे फादर, जुने फादर, सगळं बोललो आहोत. “चाललोच” असं म्हणायचं आणि उभं राहायचं. पुढे माझी पाठ कायमची दुखायला लागली आणि तपासताना हाडांच्या डॉक्टरांनी जेव्हा विचारलं, “ओझं घेऊन किती अंतर चालता?” तेव्हा मी खरं सांगितलं, “चालतो थोडंच. उभा जास्त असतो.” त्यांना ते कळलं नाही. मीही समजावायला गेलो नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, वाकू नका, उचलू नका. वाडीवाल्याला हे सांगणं म्हणजे मासळी विकणारीला सांगणं की वास घेऊ नका. मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, “डॅडी, वाडी बंद करा.” नळ बंद करावा तशी वाडी बंद होत नाही हे त्याला माहीत आहे, तो इथेच वाढला, पण लांबून सगळंच सोपं दिसतं. मी ऐकत नाही म्हटल्यावर एका ओळखीच्या माणसाच्या बॅगेतून त्याने हा सांगाडा पाठवला. एक्सोस्केलेटन, असं तो म्हणाला. बायकोने शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारून त्याचं मराठी केलं, बाह्य सांगाडा. मग बाह्य गळून पडलं.

तो बांधायला मुलाने व्हिडिओ कॉलवरून शिकवलं. मी अंगणात सांगाड्यात गुंतलेला, बायको फोन धरून उभी, आणि पडद्यात मुलगा. “डॅडी, आधी कंबर. छाती नंतर. मांडीचा पट्टा एवढा घट्ट नको, दुपारपर्यंत वळ उठतो. त्या खालच्या बकलमध्ये बोट चिमटतं, सांभाळून.” तो न बघता सांगत होता. हात हवेत फिरवून, स्वतःच्या अंगावर पट्टे असल्यासारखा. आम्ही गावात सगळ्यांना सांगत होतो की मुलगा मोठ्या कंपनीत आहे. कंपनी मोठी आहेच. तिचं गोदामही मोठं आहे.

“तू रोज घालतोस हे?” बायकोने विचारलं.

“इथे सगळेच घालतात, मम्मी. खोकी उचलायची म्हणजे घालावंच लागतं. मस्त असतं. पाठ दुखत नाही.”

“बरं,” असं म्हणून बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि दूध उतू जातंय का ते बघायला आत गेली. दूध गॅसवर नव्हतं.

मुलाला वाकावं लागू नये म्हणून आम्ही त्याला शिकवलं, हे मी इथे लिहितो आहे तितकं सरळ त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ती म्हणाली, उद्या डब्याला काय देऊ. मी म्हणालो, काहीही.

सांगाडा मात्र खरोखर गुणी निघाला. पहिल्या सकाळी मी वाफ्यात वाकलो आणि उठलो, आणि उठताना तोंडातून जो “आई गं” निघायचा तो निघालाच नाही. मी पुन्हा वाकलो, मुद्दाम. पुन्हा उठलो. मला इतका आनंद झाला की जे उचलायची गरज नव्हती तेही उचललं. एक दगड इकडचा तिकडे ठेवला, मग तो तिथे बरा दिसेना म्हणून परत आणला. मग मी कामाची पद्धतच बदलली. डोक्यावर ओझं घेणं बंद. जमिनीवरून उचलायचं, कमरेपर्यंत आणायचं, एकचाकी हातगाडीत ठेवायचं आणि सरळ रस्त्यावर टेम्पोपाशी. माझी वाट सरळ आहे, गाडी जाते. सांगाडा, गाडी आणि मी. चौथ्याची गरज नाही.

त्या दिवसांत दादा हाकेच्या वेळेला आपणहून कुंपणापाशी यायचा. सवयीने. फटीतून डोकावून म्हणायचा, “हात लावू काय?”

“नको दादा. जमतंय.”

हे “जमतंय” मी फार ऐटीत म्हणायचो. लहान पोराने पहिल्यांदा स्वतः बूट घातल्यावर जशी ऐट असते, तशी. दादा माझी गाडी जाईपर्यंत उभा राहायचा, सांगाड्याकडे बघून “चढव, चढव खोगीर” म्हणून हसायचा, आणि जायचा. मिस्साची गोष्ट याच दिवसांतली.

मग त्याचं येणं थांबलं. नेमकं कधी, मला सांगता येणार नाही. एका सकाळी गाडी ढकलता ढकलता जाणवलं की बऱ्याच दिवसांत मला कोणी हाक मारलेली नाही. मी हाक मारत नव्हतो, ते ठीक. माझी पाठ बरी होती. पण त्याच्या पाठीला तर सांगाडा नव्हता. त्याच्याकडेही लोंगरं निघत होती. मग त्याने मला का हाक मारली नाही? मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. पलीकडून पाण्याचा आवाज, केळीच्या पानांचा आवाज, माणसाचा नाही. सकाळचा तो तास एवढा मोठा असतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

बायकोला संध्याकाळी सांगितलं. ती वह्या तपासत होती. आमच्या घरात अहो-जाहो फक्त फादर आले की.

“तू त्याला बोलवत नाहीस तर तो तुला कसा बोलवेल?” ती मान वर न करता म्हणाली.

“का? माझी कुठे ना आहे?”

“ना नाहीये रे. पण त्याने रोज मागायचं आणि तू रोज द्यायचं, असं झालं की ते वेगळंच होतं. तूच गेला असतास का?”

मी गेलो नसतो.

दोन्हीकडून हाक असेल तर ती हाक. एकीकडूनच असेल तर ती विनवणी. हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, पण चुकूनही मोडत नाही. दादाने माझ्याकडे पाठ फिरवलेली नव्हती. त्याने फक्त रीत पाळली होती.

मग एका सकाळी मी फटीतून पाहिलं तर दादा बादलीतून केळी नेत होता. लोंगर कापून त्याच्या फण्या सुट्या केलेल्या, आणि बादलीत थोड्या थोड्या घालून बावखलाच्या कडेच्या अरुंद वाटेने रस्त्यापर्यंत. ठेवायच्या, परत यायचं. एक हात बादलीला, एक हात कमरेला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सुट्या फण्यांना अख्ख्या लोंगराचा भाव नाही, पण मला त्या क्षणी भावाचं सुचलं नाही. मला त्याने मुलाला दिलेलं उत्तर आठवलं. लोंगर नेता येतंय तोवर मी इथे. दादा आता लोंगर नेत नव्हता. बादली नेत होता. रविवारी मुलगा येणार होता.

मी आत शिरलो.

“दादा, हाक मारायची ना!”

“तू कामात असतोस.”

“काय कामात? भारद्वाजाशी भांडत असतो.”

“असू दे रे. बादलीने बरं जातं. व्यायाम होतो.”

“व्यायाम? तुला बघून टेम्पोवाल्याचा जीव जातोय.”

तो हसला, पण बादली खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगाडा काखेत मारून त्याच्याकडे गेलो. म्हटलं, तू घालून बघ. जमलं तर दिवसाआड वापरू, एक दिवस तू, एक दिवस मी. वहिनी ओट्यावर भाजी निवडत बसली होती, ती भाजी टाकून बघायला आली. दादाचं पोट माझ्यापेक्षा मोठं आणि उंची माझ्यापेक्षा कमी, त्यामुळे कमरेचा पट्टा छातीशी गेला आणि छातीचा हनुवटीशी. मी मुलासारखं शिकवायला लागलो, “आधी कंबर, छाती नंतर,” पण मला स्वतःच्या अंगावर येतं ते दुसऱ्याच्या अंगावर उलटं होतं. मांडीची फळी गुडघ्यावर आली. वहिनी म्हणाली, “सणाला बँडवाले येतात ना, मोठा ढोल गळ्यात घालून, तस्साच दिसतोय.”

“तू गप्प बस,” दादा म्हणाला. “वाकू का आता?”

“वाक.”

वाकला. उठला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं ते मी पाहिलं. पुन्हा वाकला, आणि या वेळी पुढ्यातलं लोंगर धरून उठला. कमरेपर्यंत आलं. अगदी अलगद. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो.

दादा लोंगर पोटाशी धरून तसाच उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“आणि आता डोक्यावर कोण देणार? हा देणार काय?” त्याने मानेने पाठीवरच्या कांड्यांकडे खूण केली.

त्याच्या वाटेवर हातगाडी जात नाही. बावखलाची कड खचलेली आहे, मधे एक फळी टाकलेली आहे, तिच्यावरून एक माणूस कसाबसा जातो. डोक्यावरूनच न्यावं लागतं. मी पुढे होऊन हात लावायला गेलो, पण त्याने लोंगर हळूच परत खाली ठेवलं आणि एकेक बकल सोडायला लागला.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. “पोराने तुझ्यासाठी पाठवलंय. तूच घाल.”

रविवारी त्याचा मुलगा येऊन गेला. मी कुंपणापाशी गेलो नाही. गाडीचा आवाज मात्र ऐकला, आणि नेहमीपेक्षा ती जास्त वेळ थांबली हेही.

सोमवारी मी सांगाडा खुंटीला टांगला आणि तसाच वाडीत गेलो. अंग हलकं आणि घाबरलेलं. राजेळी केळीचं एक भलंमोठं लोंगर कापलं, मुद्दाम सगळ्यात मोठं. चुंबळ केली. कुंपणाकडे तोंड केलं.

“हात लाव रेऽऽ!”

आवाज फाटला. इतके दिवस न वापरलेला आवाज होता तो. भारद्वाज उडून गेला. पलीकडे काही नाही.

पुन्हा ओरडलो. काही नाही. त्या मधल्या वेळात माणसाला काय काय वाटतं! तो आजारी असेल. तो गेलाच असेल, काल संध्याकाळीच गाडीत बसून. किंवा तो तिथेच, फटीच्या पलीकडे उभा आहे आणि ऐकतोय. शेवटी मला काय सुचलं कोण जाणे, मी आभाळाकडे तोंड करून ओरडलो, “कोण आहे का रे तिकडे?”

पानं हलली. दादा फटीतून आत आला, हाताला चिखल.

“आपण कधीपासून बोलत नाही?”

“तू ओ देईनास म्हणून.”

“मोटर चालू होती.” मग त्याने माझ्या पाठीकडे पाहिलं. “खोगीर कुठाय?”

“धुवायला टाकलंय.”

“स्प्रिंगा पण धुतोस?”

“सगळं धुतो. तू वाक.”

तो पलीकडून वाकला, मी अलीकडून. हं. लोंगर डोक्यावर आलं आणि माझ्या पाठीच्या मणक्यात, अगदी खाली, कोणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली. मी हसरा चेहरा करून म्हणालो, “चाललोच.”

आणि उभा राहिलो.

दादाने कमरेवर हात ठेवले. मग म्हणाला, “पोराला हो सांगितलंय.”

“कधी?”

“काल. पावसाच्या आधी जाऊ म्हणतो. पावसात सामान नेणं नको.”

“पण आता मी हाक मारतोय की.”

“मारतोस रे. पण ते दिसतं ना तोंडावर. घाम बघ किती आलाय.” त्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि माझं कपाळ पुसलं, कारण माझे दोन्ही हात वर होते. “तू तुझं ते घाल. पाठ घालवून बसशील. मी तसंही थांबून थांबून किती थांबणार? बादलीने वाडी होत नाही.”

पाठ ओरडत होती, खाली ठेव, खाली ठेव. पण खाली ठेवलं असतं तर बोलणं संपलं असतं; तो “बरं मग” म्हणून फटीतून गेला असता. मी तसाच उभा. तो बोलत राहिला. विरारला सातवा मजला आहे. बाल्कनीतून डोंगर दिसतो, त्यावरचं देऊळ दिसतं. बाल्कनीत कुंड्या ठेवायला सून नाही म्हणत नाही, पण केळ कुंडीत येत नाही. लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात, कोणी बोलत नाही. “मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिलो,” दादा म्हणाला. “लोक घाबरले.”

आम्ही हसलो. हसल्यावर कळ मांडीपर्यंत उतरली.

“जा आता,” तो म्हणाला. “टेम्पो जाईल.”

टेम्पो मिळाला. त्यानंतर मी तीन दिवस पलंगावर होतो, पाय उशीवर ठेवून. बायको शेक द्यायची पिशवी आणायची, ठेवायची, आणि पाठीवर जरा जास्तच जोरात दाबायची.

दादा गेला त्या सकाळी आळीत कोणी नव्हतं. टेम्पोत दोन कपाटं, एक देवघर, वहिनीची शिवणाची मशीन. वहिनी देवघर मांडीवर घेऊन पुढे बसली. दादाने वाडीच्या फाटकाला कुलूप लावलं, ते ओढून पाहिलं, आणि चावी माझ्या हातात दिली. मोठं कपाट चढवताना आम्ही दोघांनी धरलं होतं. मी सांगाडा घातला होता. त्याने सांगितलं होतं म्हणून. कपाट वर गेलं, तो म्हणाला “हं,” मी म्हणालो “हं,” आणि मग दोघांच्याही हातात काही नव्हतं. “येत जा,” मी म्हणालो. “बघू,” तो म्हणाला. मला माहीत होतं की तो येणार नाही. विरार काही लांब नाही. पण काम नसताना दुसऱ्याच्या वाडीत येऊन बसेल असा माणूस नाही तो. मीही नाही. मी तरी त्याच्या सातव्या मजल्यावर जाऊन काय करणार होतो, सोफ्यावर बसून?

आता माझी पाठ चांगली आहे. मुलगा विचारतो, “डॅडी, वापरताय ना?” मी म्हणतो, “मस्त आहे.” सकाळी पट्टे बांधतो, वाकतो, उचलतो, गाडीत ठेवतो. कुंपणातली फट अजून आहे. मी ती बुजवलेली नाही आणि तिच्यातून जातही नाही. त्याची केळी पाण्यावाचून पिवळी पडू नयेत म्हणून रोज फाटकाकडून, कुलूप उघडून, पाहुण्यासारखा जातो. हाकेची वेळ झाली की हात आपोआप थांबतात. मग भारद्वाज काहीतरी म्हणतो, आणि मी मोटर बंद करायला जातो.

एका संध्याकाळी मी हे सगळं बायकोला सांगितलं. म्हणजे पाठीबद्दल सांगायला सुरुवात केली आणि बाकीचं निघालं. तो येणार नाही, मी जाणार नाही, दोघंही असेच, आणि याला काही उपाय नाही, असं म्हणून मी थांबलो. ती कपडे घडी करत होती.

“मी वहिनीशी बोललेय,” ती म्हणाली. “या रविवारी ते दोघं मिस्साला इकडेच येणार आहेत, मग जेवायला आपल्याकडे. आधी ती म्हणाली, हे काही यायचे नाहीत, नुसतं जेवायला म्हणून ते कोणाकडे जात नाहीत. मी म्हटलं, जेवायला कोण बोलावतंय, त्याला सांग इकडे काम आहे, माझ्या नवऱ्याची पाठ गेलीये. तेव्हा तू शनिवारी एक मोठं लोंगर काप, अंगणात ठेव, आणि कितीही जमत असलं तरी उचलू नकोस.”